‘बाय अँड लार्ज’ कुठे वापरायचं?

‘बाय’ आणि ‘लार्ज’चे अर्थ सुटे लावत बसू नका, हाती काही लागणार नाही. हा शिडाच्या जहाजांवरचा वाक्प्रयोग. वाऱ्याच्या जमेल तितकं समोर तोंड करून जाणं म्हणजे ‘बाय’, वारा पाठीशी घेऊन जाणं म्हणजे ‘लार्ज’. दोन्ही जमणारं जहाज एकंदरीत चांगलं! म्हणून आजचा अर्थ ‘एकंदरीत’, ‘बहुतांशी’.

‘बाय अँड लार्ज, द प्लॅन वर्क्ड’ म्हणजे बेत बहुतेक जमला, थोडंफार राहिलं. ती ‘थोडंफार’ची सोय हवी असेल तिथेच हा प्रयोग करा. ‘बाय अँड लार्ज, ट्वेल्व्ह पीपल केम’ असं मात्र लिहू नका. आकड्याच्या अंदाजाला साधं ‘अबाउट’ पुरतं. वाक्याच्या सुरुवातीला आला तर पुढे स्वल्पविराम द्या. मध्येही चालतो: ‘द रिव्ह्यूज वेअर, बाय अँड लार्ज, गुड’.

‘अॅट लार्ज’शी गल्लत करू नका हं. चोर ‘अॅट लार्ज’ असतो, म्हणजे फरार. आणि दर परिच्छेदात ‘बाय अँड लार्ज’ पेरायची सवय लागते बऱ्याच जणांना. एका निबंधात एकदा आला तरी खूप झालं.