वीस तास कागदावरचे, बारा क्रेडिट जिवावरचे

तुझा निरोप वाचला. सेकंड पीयूसी (म्हणजे बारावी) सायन्सला आहेस, ३००० मीटर पळतेस आणि अमेरिकेत खेळाची स्कॉलरशिप मिळाली तर पळणं नि शिकणं दोन्ही झेपेल का, असं विचारलंयस. ‘अक्का, गोड बोलू नका, खरं सांगा’ असंही लिहिलंयस, म्हणून खरंच सांगते. मी बेळगावजवळच्या येळ्ळूरची. टिळकवाडीत मामाकडे राहून पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पळायचे. नंतर इथं अमेरिकेत डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांतल्या सगळ्यात वरच्या गटातल्या, संघातून चार वर्षं पळाले.

झेपतं. पण अडतं ते तुला वाटतंय तिथं नाही.

एनसीएए ही इथल्या कॉलेज खेळांची मोठी संघटना. तिचा नियम असा, की सीझनमध्ये सराव आठवड्याला २० तासांच्या वर नाही, दिवसाला ४ च्या वर नाही, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. ऐकायला बरं वाटतं की नाही? पण स्पर्धेचा अख्खा दिवस त्यात ३ तासच धरतात. बसचा प्रवास, फिजिओकडची हजेरी, पहिल्या वर्षी सक्तीचा स्टडी हॉल (एकत्र बसून अभ्यास करायचे तास), यातलं काहीच त्या वीसात येत नाही. मी एकदा वहीत लिहून बघितलं तर आकडा पस्तिसाच्या पुढं गेला. शिवाय लांब पळणाऱ्यांचं आणखी एक दुखणं आहे. पावसाळा सरला की क्रॉस कंट्री, थंडीत २०० मीटरच्या इनडोअर ट्रॅकवर गोल गोल, मग उन्हाळ्याच्या तोंडाला आउटडोअर. व्हॉलीबॉलवाल्या मुलींना सीझन संपला की जरा मोकळं व्हायला मिळतं, आपल्याला नाही.

आपल्याकडं पदक आणलं की पीटीचे सर हजेरीचं बघून घेतात. इथं सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात प्रवासाच्या तारखांचं पत्र घेऊन प्रत्येक प्रोफेसरला आपण भेटायचं. बहुतेक जण समजून घेतात. एक पेपर तर मी हॉटेलच्या खोलीत, संघासोबत आलेल्या बाईंच्या देखरेखीखाली लिहिला. सांभाळून घेता येत नाही ती लॅब. लॅब दुपारी, सरावही दुपारी. त्यामुळं कित्येक मुली आवडीचा विषय सोडून वेळापत्रकात बसेल तो घेतात. तू तसं करू नकोस. कोचशी बोलताना पहिल्या फोनवरच विचार, ‘तुमच्या संघात लॅबचे विषय घेतलेल्या किती जणी आहेत?’ उत्तर द्यायला वेळ लागला तर समजून जा.

आता खरी गोष्ट. इथं प्रत्येक विषयाला ठरावीक क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे गुणांक, असतात. खेळायचं तर सेमिस्टरला निदान १२ क्रेडिट चालू लागतात, आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसालाही तेवढेच. दुसऱ्या सेमिस्टरला माझे १३ होते. त्यातली चार क्रेडिटची केमिस्ट्री डोक्यावरून जायला लागली. संघातल्या एका मोठ्या माणसानं सहज सांगितलं, ‘ड्रॉप कर, विश्रांती घे.’ फॉर्म भरला होता. परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात सही घ्यायला गेले तेव्हा तिथल्या बाईंनी नुसतं बोट ठेवून दाखवलं: नऊ. अमेरिकन मुलगी असती तर पळणं थांबलं असतं, माझं राहणंच धोक्यात आलं असतं. रडत केमिस्ट्री केली, सी ग्रेड आला. अजूनही मला त्या सीचा मेडलपेक्षा जास्त अभिमान आहे. म्हणून विषय सोडायचा झाला तर कोचच्या आधी त्या ऑफिसात जायचं.

पदवीचंही मोजमाप चालू असतं. माझ्या वेळी दुसरं वर्ष संपताना ४० टक्के, तिसऱ्याला ६०, चौथ्याला ८० टक्के अभ्यासक्रम पुरा नसला तर संघाबाहेर. विषय बदलायचा तर लवकर बदल.

पैशाचं थोडक्यात सांगते. पूर्ण स्कॉलरशिप क्वचित, उरलेली रक्कम पहिल्या वर्षापुरती तरी व्हिसासाठी बाबांना बँकेत दाखवावी लागेल. डिव्हिजन थ्रीत खेळाची स्कॉलरशिप नसतेच. आणि हल्ली इथले खेळाडू जाहिरातींतून कमावतात ते व्हिडिओ बघून हुरळू नकोस, आपल्या व्हिसावर ते काम अंगाशी येऊ शकतं.

सेकंड पीयूसीनंतर ‘एक वर्ष नुसतं पळते’ असं मनात असेल तर आधी एनसीएएच्या पात्रता केंद्राला लिहून विचार. माझ्या वेळी शाळा संपल्यावर एका वर्षाच्या पुढं स्पर्धा खेळत राहिलं की इथली खेळायची वर्षं कमी व्हायची, आणि नियम बदलत असतात. नववीपासूनच्या मार्कशीट काढून ठेव, कन्नडमधले दाखले इंग्रजीत करून घे. एसएटी या इथल्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेची भीती घेऊ नकोस, २०२३ पासून एनसीएएला ती लागत नाही. कॉलेजला लागते का ते मात्र बघ.

तू टाइम लिहिलायस तो हातातल्या स्टॉपवॉचवरचा आहे की स्पर्धेच्या अधिकृत निकालातला? कोच अधिकृतच मागतात. तो असेल तर पाठव, पत्र कसं लिहायचं ते मग बघू.