इन्सेन्टिव्ह चालू केला आणि रिजेक्शन वाढलं

प्रश्न: भोसरीत माझं छोटं सीएनसी शॉप (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर धातूचे पार्ट कापायचं वर्कशॉप) आहे, वीसेक पोरं कामाला आहेत. जास्त पीस काढले की जास्त पैसे असा इन्सेन्टिव्ह लावला, सुरुवातीला आकडा मस्त वाढला पण आता कस्टमरकडून माल परत यायला लागलाय, वर दोन चांगले ऑपरेटर शेजारच्या युनिटमधे गेले. मोटिव्हेशनल स्पीकर बोलवू का?

उत्तर: नका बोलवू, ते पैसे वाचवा. दोन तास टाळ्या पडतील, दुसऱ्या दिवशी परत तेच.

तुम्ही नुसत्या पीसवर पैसे लावले, पोरांनी पीस दिले, यात त्यांचं काय चुकलं? इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, घासलाय हे ऑपरेटरला दिसत असतं हो, पण तो बदलायला मशीन थांबवली की त्याचाच इन्सेन्टिव्ह बुडतो, मग तो कशाला थांबवेल. पैसे फक्त ओके पीसवर द्या आणि टूल बदलायचा, सेटिंगचा वेळ टार्गेटमधून वजा करा.

सोडून जाणाऱ्यांसाठी आधी बेसिक पगार बघा, शेजारी किती देतात ते चहाच्या टपरीवर कळतंच. हेन्री फोर्डच्या कारखान्यात १९१३ साली कामगार सोडून जायचं प्रमाण ३७० टक्के होतं, म्हणजे एकेका जागेवर वर्षात तीन-चार माणसं बदलायची! जानेवारी १९१४ मधे त्याने दिवसाला ५ डॉलर जाहीर केले, आधीच्या जवळपास दुप्पट, शिफ्ट ९ ची ८ तास केली, आणि १९१५ ला तेच प्रमाण १६ टक्क्यांवर आलं. काम होतं तेवढंच कंटाळवाणं राहिलं हां. (कामगारांच्या घरी जाऊन कोण कसं राहतं, दारू पितं का हे बघायला माणसंपण पाठवायचा तो, तेवढं मात्र उचलू नका.)

आता मन लावून काम करण्याचं. अमेरिकेत एका विद्यापीठाच्या कॉल सेंटरमधे पोरं फोनवर देणग्या मागायची. ॲडम ग्रँट नावाच्या संशोधकाने त्यातल्या काहींची गाठ त्याच पैशातून स्कॉलरशिप मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी घालून दिली, अगदी काही मिनिटं, आणि महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झालेला, पगार तोच. तुमच्या ऑपरेटरला विचारून बघा, तू काढतोस तो पार्ट गाडीत कुठे बसतो, बऱ्याच जणांना माहीत नसेल. परत आलेला माल कोपऱ्यात ढकलण्यापेक्षा त्यांच्यासमोर ठेवा, कुठे अडला ते दाखवा, जमलं तर दोघा-तिघांना कस्टमरच्या लाइनवर घेऊन जा.

आणि जे दोघं गेले त्यांना फोन करा, परत ये म्हणायला नाही, का गेलास ते विचारायला. सुपरवायझर शेजारी बसलेला असताना मात्र करू नका.