लेसर करून गार्ड होता येत नाही, आणि मुलाला विचारलंय का?

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र सविस्तर होतं ते बरं झालं, नाहीतर एवढं स्पष्ट लिहिता आलं नसतं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मनमाडजवळचं कुटुंब, मुलगा चोवीस वर्षांचा, बीकॉम 54 टक्के. रेल्वेच्या एनटीपीसी भरतीची (गार्ड, स्टेशन मास्टर, क्लार्क अशा पदांची) पहिली सीबीटी, म्हणजे कॉम्प्युटरवरची परीक्षा, निघालाय, दुसरी बाकी आहे. वडिलांची इच्छा अशी की त्याने मालगाडीचा गार्ड व्हावं (2022 पासून या पदाचं नाव ट्रेन मॅनेजर झालंय, पण घरोघरी अजून गार्डच म्हणतात). मुलाला सव्वादोन नंबरचा चष्मा आहे म्हणून पुढच्या महिन्यात नंबर घालवायचं लेसर ऑपरेशन ठरवलंय, त्यासाठी वहिनींची पोत गहाण ठेवायची तयारी आहे. आणि मला विचारलंय की मेडिकलच्या किती दिवस आधी ऑपरेशन केलेलं चालतं, आणि "पोरगा ऐकत नाही, तुम्ही समजावा".

ऑपरेशनचं आधी, कारण त्याला तारीख आहे. नाही चालत. किती आधी केलं याचा प्रश्नच नाही. गुड्स ट्रेन मॅनेजरला, म्हणजे मालगाडीच्या गार्डला, ए-टू दर्जाचं मेडिकल लागतं, म्हणजे चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांना 6/9 दिसलं पाहिजे, शिवाय रंग ओळखणं, रात्रीची नजर, सगळं तपासतात. आणि लेसिक (हेच लेसरचं ऑपरेशन) किंवा नंबर घालवायची दुसरी कुठलीही शस्त्रक्रिया झालेला उमेदवार ए-टूच्या पदाला पात्रच धरत नाहीत. म्हणजे जे दार उघडायला तुम्ही पोत गहाण ठेवताय ते त्या ऑपरेशनने कायमचं बंद होतं. क्लासवाले "करून टाका, कोण विचारतंय" असं सांगतात, त्यांचं काही जात नाही. त्याहून वाईट म्हणजे या पदाला निवड झाली आणि मेडिकलला नापास झाला तर रेल्वे बदली दुसरं पद देत नाही, निवड गेली ती गेली. जाहिरातीत हे स्पष्ट लिहिलेलं असतं, फक्त आपण तिथपर्यंत वाचत नाही.

आता मला खरं बोलायचंय ते वेगळंच आहे. 54 टक्क्यांची मला अजिबात काळजी वाटत नाही, पदवीला टक्केवारीची अट नाहीये. मला लागलं ते तुमचं एक वाक्य, "तसाही तो कुठं कामाचा नाही, मागच्या डब्यात बसून हिरवी झेंडी दाखवायची एवढं तरी जमेल." भाऊ, हे तुम्ही मला लिहिलंत, पण घरात बोलल्याशिवाय ते असं सहज हातातून उतरत नाही, त्याने ते कितीदा ऐकलं असेल. आणि त्याच पत्रात खाली तुम्हीच लिहिता की दोन वर्षं तो मित्राच्या काकांच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात "टाइमपास" करतो, कांद्याच्या गाड्या लावतो, बिल्टी (मालाची पावती) फाडतो, ड्रायव्हरचा अ‍ॅडव्हान्स, परतीचं भाडं सगळं बघतो आणि रात्री दोनला फोन आला तरी उठतो. कांदा रस्त्यात अडकला तर सडतो, तिथे चोवीस वर्षांचं पोरगं रात्री दोनला ड्रायव्हरला रस्ता काढून देतंय, याला टाइमपास म्हणतात? ज्याला तुम्ही बिनकामाचा म्हणताय तो काम करतोय, फक्त त्यावर सरकारी शिक्का नाहीये. लग्नाची काळजी मला कळते, सरकारी नोकरी नसेल तर स्थळं येत नाहीत हे मी रोज ऐकते, ते खोटं नाही. पण त्या भीतीपोटी पोराच्या डोळ्यावर ऑपरेशन करायला निघणं हे मला मान्य नाही आणि त्यात तुम्हाला साथ द्यायला मी त्याला समजावणार नाही.

आणि "मागे बसून झेंडी" हा जो समज आहे ना, तो फार पसरलाय, म्हणून त्यावर जरा लिहिते. मालगाडी म्हणजे साठेक वाघिणी, जवळपास सातशे मीटर लांब, पुढे लोको पायलट आणि असिस्टंट, आणि पार शेवटी ब्रेकव्हॅनमधे हा एकटा. निघताना ब्रेक पॉवर सर्टिफिकेट, म्हणजे ब्रेक नीट असल्याचा दाखला, बघायचं, ब्रेकपाइपचं प्रेशर शेवटच्या डब्यापर्यंत नीट येतंय का ते बघायचं, मागे लाल दिवा आणि एलव्हीची (लास्ट व्हेइकल, शेवटचा डबा) पाटी लागलीये का ते बघायचं. इगतपुरी-कसारा घाट उतरताना 37 ला 1 असा उतार आहे, तिथे ब्रेक म्हणजे सगळं काही. आणि समजा रात्री दोन स्टेशनांच्या मधे अचानक ब्रेकचं प्रेशर दाखवणाऱ्या गेजचा काटा खाली आला, गाडी थांबली, वॉकीटॉकीवर पुढून नीट ऐकू येत नाही, तर याला हातात बत्ती घेऊन खडीवरून चालत एकेक होजपाइप बघत जावं लागतं. पाऊस असो की साप, जावंच लागतं. गाडी घसरलेली असेल तर आधी गाडीचं संरक्षण, 600 मीटरवर एक फटाका आणि 1200 मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके रुळावर लावायचे, म्हणजे मागून किंवा शेजारच्या लाइनवरून येणारी गाडी त्यावरून गेली की आवाजाने ड्रायव्हर सावध होतो. हे सगळं एकट्याने, घाबरून न जाता. बऱ्याच जुन्या ब्रेकव्हॅनमधे धड लाइट नाही, पंखा नाही, संडास नाही. ड्यूटीला ठरलेली वेळ नाही, कॉल आला की निघायचं, रात्र रनिंग रूममधे (बाहेरगावच्या रेल्वेच्या विश्रांतीगृहात), घरी आलं की साधारण 16 तासांची विश्रांती, मग परत कॉल. दिवाळी, पाहुणे, पोराचा वाढदिवस, काही धरून चालता येत नाही. मूळ पगार 29,200 पासून, वर किलोमीटरचा भत्ता, पैसे चांगले मिळतात, ते नाकारत नाही. भुसावळ विभागात आयुष्यभर हे काम अभिमानाने केलेली माणसं आहेत, त्यांच्यासमोर "बसून खायची नोकरी" म्हणून बघा, काय ऐकायला मिळतं ते. ज्याला हे काम आवडतं त्याला मी स्वतः फॉर्म भरायला लावीन. बिनकामाच्या माणसाची सोय म्हणून हे पद नाहीये, त्याच्या चुकीने माणसं मरतात.

"जन्माची पर्मनंट" हेही पूर्ण खरं नाही. नोकरी जाणार नाही, पण काम हेच राहील असं धरू नका. अमेरिकेत एकेकाळी ब्रेकमन डब्यांच्या टपावरून पळत हाताने ब्रेक आवळायचे, एअर ब्रेक आले आणि ते काम आटत गेलं, पुढे मालगाडीचा शेवटचा डबाही गेला आणि तिथे एक यंत्र आलं. तसंच यंत्र आपल्याकडेही मालगाड्यांना लावून बघितलंय. आज चोवीस वर्षांचा आहे त्याला अजून 36 वर्षं काढायचीत, एवढं लक्षात असू द्या.

आता चिरंजीव, हे तुझ्यासाठी. दुसरी सीबीटी दे, एवढं केलंयस तर सोडू नकोस, गणित आणि रिझनिंगचा सराव चालू ठेव, त्यात मी वेगळं काय सांगणार. पण पसंतीक्रम नीट बघ. ट्रेन मॅनेजर आणि स्टेशन मास्टर दोन्ही ए-टू आहेत, तुझ्या नंबरला ती वर ठेवलीस तर निवड होऊन हातात काही येणार नाही. चीफ कमर्शियल कम तिकीट सुपरवायझर हे पद बी-टू मेडिकलचं आहे, चष्म्यासकट चालतं, तुझा नंबर बसतो, मूळ पगार 35,400 म्हणजे गार्डपेक्षा वरचा, कटऑफही वर असतो हे मात्र आधीच सांगून ठेवते. कमर्शियल साइडला पार्सल, मालधक्का, रेक (अख्खी मालगाडी), डेमरेज (डबे वेळेत रिकामे न केल्याचा आकार) हे सगळं येतं, जे तू ट्रकच्या बाजूने दोन वर्षं बघतोयस. अकाउंट्सची आणि क्लार्कची पदं सी-टू आहेत, तीही चालतात, टायपिंग मात्र लागतं.

नाही झालं तर रडत बसू नकोस. तुझा कांदा शेवटी न्हावाशेवा बंदराला जातो ना, रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमधे भरून बाहेर देशात? मग ते पुढचं काम शिक. फ्रेट फॉरवर्डर (माल परदेशी पाठवायची व्यवस्था बघणारा) किंवा कस्टम ब्रोकरच्या (कस्टमची कागदपत्रं करणाऱ्याच्या) ऑफिसात सुरुवातीला पगार कमी मिळेल, पण शिपिंग बिल, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (मालाला कीड-रोग नसल्याचा दाखला), कंटेनरचं बुकिंग हे हाताखालून गेलं की नाशिक पट्ट्यात द्राक्षं आणि कांदावाल्यांना तुझ्यासारखा माणूस हवाच असतो. मित्राच्या काकांकडे आता पगार ठरवून घे, तोंडी नको, महिन्याला खात्यात जमा होऊ दे आणि अनुभवाचं पत्र घे. फुकट काम केलंस तर घरचे त्याला टाइमपासच म्हणणार.

भाऊ, दवाखान्याची तारीख उद्याच रद्द करा. मग संध्याकाळी एकदा त्याच्यासोबत त्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात जाऊन तासभर बसा, काही बोलू नका, तो काय करतो ते नुसतं बघा. त्यानंतर काय वाटलं ते मला कळवा, आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या.