तुमचे प्रश्न : शाळेतले चॅप्लेन फादर नेमकं करतात काय?

यावेळच्या पत्रांमध्ये कॅथलिक हायस्कूलमधल्या चॅप्लेनबद्दलची पत्रं इतकी आली की बाकीचे विषय बाजूला ठेवून सगळी जागा त्यांनाच दिलीय.

प्रश्न : ताई, माझी मुलगी कॅथलिक हायस्कूलमध्ये नववीत आहे. आम्ही ख्रिश्चन नाही. शाळेत एक चॅप्लेन फादर आहेत, ते कुठलाच विषय शिकवत नाहीत पण दिवसभर शाळेत असतात, मुलांशी बोलत असतात. मुलगी घरी त्यांच्याबद्दल सारखं सांगते. सासरे विचारतात यांचं काम तरी काय. मला वेगळीच काळजी आहे, हळूहळू मुलीच्या डोक्यात धर्म भरवतील का? स्पष्ट सांगा. (एक आई)

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दुसरा विचारायला अजिबात संकोच करू नका.

आधी काम काय ते. चर्चच्या कायद्यात चॅप्लेन म्हणजे एखाद्या ठराविक समूहाची आध्यात्मिक काळजी घ्यायला कायमस्वरूपी नेमलेला धर्मगुरू. तो समूह हॉस्पिटलमधला असेल, तुरुंगातला असेल, सैन्यातला असेल, तसा शाळेतलाही. वेळापत्रकात दिसणारी कामं म्हणाल तर सकाळची प्रार्थना, सणांच्या दिवशी मिस्सा म्हणजे चर्चची मुख्य उपासना, ज्या कॅथलिक मुलांना हवंय त्यांचं कन्फेशन म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली, कन्फर्मेशनची म्हणजे श्रद्धा दृढ करणाऱ्या संस्काराची तयारी, मधूनमधून एखादं रिट्रीट म्हणजे प्रार्थना-चिंतनाचं शिबिर, समाजसेवेचे उपक्रम. हे सगळं मिळूनही आठवडा भरत नाही. उरलेल्या वेळात ते गेटवर उभे असतात, मधल्या सुट्टीत ग्राउंडवर असतात, कोणी एकटं बसलेलं दिसलं की सहज जवळ जाऊन बसतात, आणि माझ्या मते खरं काम हेच आहे, वेळापत्रकातलं त्यामानाने सोपं. कारण बघा ना, शाळेत प्रत्येक मोठ्या माणसाला मुलाकडून काहीतरी हवंच असतं, वर्गशिक्षकांना गृहपाठ, कोचला मॅच, ऑफिसला फी, प्रिन्सिपलना रिझल्ट. एक माणूस असा पाहिजे की ज्याच्या हातात मार्क नाहीत, शिक्षा नाही, आणि ज्याला मुलाकडून काहीच वसूल करायचं नाही. मुलं अशाच माणसाशी बोलतात. मुलांसाठी आयुष्यभर काम केलेले इटालियन धर्मगुरू जॉन बॉस्को यांनी १८८४ मध्ये रोमहून आपल्या सहकाऱ्यांना पत्र लिहिलं होतं, त्यात त्यांचं दुखणं हेच होतं की पूर्वी मोठी माणसं सुट्टीत मुलांमध्ये मिसळायची, आता लांब उभी राहून नुसती नजर ठेवतात, आणि त्यामुळे मुलांचा विश्वास उडालाय. सासऱ्यांना हे जरूर सांगा.

आता तुमची काळजी. कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्यात, १९८३ च्या संहितेत, कलम ७४८ मध्ये लिहिलंय की कोणालाही त्याच्या विवेकाविरुद्ध कॅथलिक श्रद्धा स्वीकारायला भाग पाडता येणार नाही. त्याआधी जगभरच्या कॅथलिक धर्मप्रमुखांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्यावर जाहीरनामाच काढला होता. आणि खास शाळांसाठी व्हॅटिकनच्या शिक्षण खात्याने १९८८ साली जे मार्गदर्शन दिलं त्यात म्हटलंय की कॅथलिक शाळेत दुसऱ्या धर्माची मुलं असतात, त्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या विवेकाचा आदर ठेवलाच पाहिजे. शाळा आपली श्रद्धा सांगू शकते, समोर ठेवू शकते, पण लादू शकत नाही, लादणं ही नैतिक हिंसा आहे असे कडक शब्द त्यात आहेत.

म्हणजे मुलीला येशूबद्दल ऐकायला मिळेल का? मिळेल, कॅथलिक शाळा आहे, ते लपवून कोणी ठेवत नाही आणि ठेवूही नये. पण मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानून दिली जाणारी भाकर, घ्यायला तिला कोणी सांगणार नाही, तो इतर धर्मीयांसाठी नसतोच. तुम्ही लक्ष एकाच गोष्टीवर ठेवा. ‘हे घरी सांगू नकोस’ असं वाक्य कधी आलं, मग ते चॅप्लेनकडून असो नाहीतर शाळेतल्या कोणाहीकडून, तर त्याच दिवशी प्रिन्सिपलना भेटा, तिथे काही झालं नाही तर धर्मप्रांताच्या, म्हणजे त्या भागाच्या बिशपच्या, ऑफिसला लेखी कळवा, कारण कॅथलिक शाळांवर देखरेख ठेवायचा आणि त्यांना भेट द्यायचा अधिकार बिशपना चर्चच्या कायद्यानेच आहे. आणि हे सगळं व्हायच्या आधीच एकदा स्वतः जाऊन फादरना भेटा, अर्धा तास बोला. मुलगी ज्यांच्याबद्दल इतकं बोलते त्या माणसाची ओळख आईला असावी, माणूस चांगला निघाला तरी आणि नाही निघाला तरी.

प्रश्न : मॅडम, मी फादरना जे सांगते ते प्रिन्सिपल सरांपर्यंत जातं का? मैत्रीण म्हणते जातंच. (दहावीतली एक मुलगी)

हे नीट वाच, कारण यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि खूप जणांचा तिथेच गोंधळ होतो.

तू कॅथलिक असशील आणि कन्फेशनमध्ये काही सांगितलं असशील तर ते कुठेही जात नाही. प्रिन्सिपलकडे नाही, आईबाबांकडे नाही, बिशपकडे नाही, कोर्टातही नाही. धर्मगुरूने ते गुपित थेट फोडलं तर तो त्याच क्षणी चर्चमधून बहिष्कृत होतो आणि ती शिक्षा माफ करायचा अधिकार फक्त रोमकडे असतो. तू काय बोललीस ते मनात धरून तुझं नुकसान होईल असं वागायचीही त्याला परवानगी नाही, तोंडाने एक शब्द न काढता सुद्धा.

पण कॉरिडॉरमध्ये, ऑफिसात, ट्रिपच्या बसमध्ये तू जे बोलतेस ते कन्फेशन नसतं. तेही चांगला चॅप्लेन स्वतःपाशीच ठेवतो, घरातली भांडणं, आवडलेला मुलगा, चिडून बोललेलं, हे काही स्टाफरूममध्ये सांगायचं नसतं आणि जो सांगतो त्याने ही जागा सोडावी असं मला मनापासून वाटतं. फक्त कोणी तुला त्रास देतंय, हात लावतंय, मारतंय, किंवा तुझ्याच मनात जीव द्यायचे विचार येतायत, असं काही असेल तर ते एकट्यापाशी ठेवायची मुभा त्यांना नाही, त्यांना मदत बोलवावीच लागते. तो विश्वासघात नाही गं, तुला सांभाळायचं तर एकट्या माणसाला ते झेपत नाही. प्रामाणिक चॅप्लेन हे सुरुवातीलाच सांगतो, ‘बोल, पण तुझ्या जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही.’ तुझ्या फादरनी असं कधी सांगितलं नसेल तर तूच विचार, त्यांना राग येणार नाही.

मग असं काही कन्फेशनमध्येच सांगितलं तर? तिथे ते कोणाला सांगू शकत नाहीत, पण ‘बाहेर येऊन हेच मला पुन्हा सांग, मी तुझ्याबरोबर येतो’ असं म्हणू शकतात, आणि म्हणतातच. यावर मोठ्यांमध्येही वाद चालू आहे. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियासारख्या काही राज्यांनी मुलांवरच्या अत्याचाराची माहिती कन्फेशनमध्ये मिळाली तरी कळवलीच पाहिजे असा कायदा केलाय आणि चर्च म्हणतं गुपित मोडता येत नाही. तो वाद तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस. तुला त्रास होत असेल तर कन्फेशनची वाट न बघता उघड बोल, फादरशी, टीचरशी, आईशी, जो सगळ्यात आधी भेटेल त्याच्याशी, आणि पहिल्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांग.

प्रश्न : आमच्या शाळेत पूर्णवेळ काउन्सेलर आहेत. मग चॅप्लेनची वेगळी गरज काय? एका पोस्टचे पैसे वाचतील असं मॅनेजमेंटमध्ये बोललं जातंय. (एक शिक्षिका)

काउन्सेलर हवाच आणि त्याच्या जागी चॅप्लेन बसवणं धोक्याचं आहे हे आधी सांगते. मुलगी जेवण सोडतेय, मुलाला पॅनिक अटॅक येतायत, कोणी हातावर कापून घेतंय, इथे प्रार्थना करून घरी पाठवणारा चॅप्लेन मुलाचं नुकसान करतो. चांगल्या चॅप्लेनला आपली हद्द कळते, तो मुलाला हात धरून काउन्सेलरकडे नेतो आणि नंतरही विचारपूस करत राहतो.

पण उलटंही खरं आहे ना. ‘माझा भाऊच का गेला’, ‘मी जे केलं त्याची माफी असते का’, ‘देव असेल तर गप्प का बसतो’ असं पंधरा वर्षांचं मूल विचारतं तेव्हा ते आजारी नसतं. त्याला उपचार नकोयत, हा प्रश्न आपल्याइतकाच गंभीरपणे घेणारं कोणीतरी समोर हवंय, आणि बहुतेक मोठी माणसं नेमका इथे विषय बदलतात.

शाळेतलं कोणी वारतं तेव्हा तर हे फारच जाणवतं. एखादा विद्यार्थी अपघातात गेला किंवा एखाद्या टीचर आजाराने गेल्या की पहिले दोन दिवस सगळेच धावपळ करतात, नोटीस निघते, शोकसभा होते, काउन्सेलर वर्गावर्गात जाऊन बोलतात. चॅप्लेन त्या घरी जातो, चॅपल उघडं ठेवतो म्हणजे ज्याला नुसतं बसायचंय त्याला बसता येतं, प्रार्थना अशी बसवतो की इतर धर्माच्या मित्रांनाही तिथे परकं वाटू नये, मुलांना काही वाचायचं असेल, मेणबत्ती लावायची असेल तर ते करू देतो. आणि मग तीन आठवड्यांनी, शाळा पुन्हा युनिट टेस्टला लागलेली असताना, गेलेल्या मुलाच्या बाकावरच्या जोडीदाराला तो आठवणीने शोधतो. पुढच्या वर्षी त्या तारखेला घरच्यांना फोनही त्याचाच जातो. हे काम कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही म्हणूनच मॅनेजमेंटला ती पोस्ट रिकामी वाटते. शिवाय तुम्ही स्वतःचं आणि सहकाऱ्यांचं बघा, चॅप्लेन फक्त मुलांचा नसतो, ऑफिसमधल्या क्लार्कचा आणि सफाई करणाऱ्या मावशींचाही असतो, त्यांच्यासाठी काउन्सेलरची अपॉइंटमेंट कोणी ठेवलेली असते का?

मीटिंगमध्ये हे बोला, आणि दोघांनाही बोलवा, काउन्सेलर काय म्हणतात ते ऐका. माझा अनुभव असा की त्या पोस्टसाठी सगळ्यात जोरात काउन्सेलरच बोलतात.

प्रश्न : चॅप्लेनना मुलं खूप मानतात, म्हणून त्यांना शिस्त समितीचं अध्यक्षपद द्यावं असं आमच्याकडे ठरतंय. तुमचं मत? (एक सुपरवायझर)

कृपा करून देऊ नका. ज्या विश्वासाच्या जोरावर तुम्ही त्यांना तिथे बसवताय तो पहिल्या सस्पेन्शनच्या पत्रावर सही केली की संपला. चर्चलाही ही गोष्ट फार आधी कळलेली आहे. चर्चच्या त्याच १९८३ च्या संहितेचं कलम ९८५ सांगतं की शैक्षणिक संस्थेच्या प्रमुखाने त्याच वास्तूत राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांची कन्फेशन्स ऐकू नयेत, मुलाने एखाद्या वेळी आपणहून मागितलं तरच ऐकावीत. नियम निवासी मुलांचा आहे पण त्यातलं शहाणपण कुठल्याही शाळेला लागू पडतं, ज्याच्या हातात छडी तो आणि ज्याच्यापाशी मन मोकळं करायचं तो, ही दोन वेगळी माणसं असावीत. समितीसमोर उभ्या राहिलेल्या मुलाच्या बाजूला बसायला मात्र चॅप्लेनना जरूर बोलवा. आणि धर्मशिक्षणाच्या पेपरचे मार्क सुद्धा शक्य असेल तर दुसऱ्या कोणाला द्यायला सांगा.

प्रश्न : बाई चॅप्लेन होऊ शकते का? (एक वाचक)

कायद्यातली व्याख्या धर्मगुरूची आहे, त्यामुळे त्या अर्थाने नाही, मिस्सा आणि कन्फेशनला फादरच लागतात. पण अनेक देशांतल्या कॅथलिक शाळांमध्ये रोजचं हे काम सिस्टर्स आणि संसारी स्त्री-पुरुष करतात, काही ठिकाणी त्यांना ले चॅप्लेन (धर्मगुरू नसलेला चॅप्लेन) म्हणतात, आणि फादर ठरलेल्या दिवशी येतात. मला ही पद्धत मनापासून आवडते, मुलींना काही गोष्टी बाईशीच बोलता येतात.

प्रश्न : आम्ही कॅथलिक आहोत. अकरावीतला मुलगा म्हणतो माझा देवावर विश्वास नाही, शाळेच्या मिस्साला बसणार नाही. चॅप्लेनना सांगून त्याला समजवावं का? (एक वडील)

तुम्ही सांगू नका, त्याला स्वतःला जाऊन फादरना सांगू दे. मागून तुमचा फोन आधीच गेलेला असला की मुलाला लगेच कळतं, आणि मग फादरही त्याच्यासाठी घरच्यांचाच माणूस होतात.

शाळेचा सगळ्यांसाठीचा कार्यक्रम असेल तर शांत बसणं एवढं आपण कोणाकडूनही मागू शकतो, बसण्यात विश्वास असल्याची कबुली नाही. ख्रिस्तप्रसाद मात्र त्याला लोकांसाठी घ्यायला लावू नका, आजीला वाईट वाटेल म्हणून नको, रांगेत सगळे उठले म्हणून नको. तो बाकावर बसून राहिला तर तुम्हाला त्रास होईल हे मला कळतं, पण मनात नसताना ते घेणं त्या संस्काराचाही मान ठेवत नाही आणि मुलाचाही. कन्फर्मेशन अजून झालेलं नसेल तर पुढे ढकला, चॅप्लेनही तेच म्हणतील.

आणि एक, विश्वास नाही हे इतकं स्पष्ट बोलणारं मूल चॅप्लेनना नकोसं नसतं हो. जे मूल सगळं पाठ म्हणतं आणि मनातलं काहीच सांगत नाही त्याच्याशी बोलणं त्यांना जास्त अवघड जातं. तुमचा मुलगा तासभर वाद घालून घरी आला तर काय ठरलं असं विचारू नका.