बहुसंख्य लोकांना नको असलेले कायदे अमेरिकेतल्या राज्यांत टिकतात तरी कसे?

तुमच्या प्रश्नात तुम्ही लिहिलंय की भाची नोकरीसाठी विस्कॉन्सिनला निघाली आहे, तिथे गर्भपातबंदीचा कुठला तरी जुना कायदा परत आला होता असं वाचलं, आणि निवडणुकीच्या नकाशांचा त्याच्याशी काय संबंध ते कळत नाही. खाली एकाने उत्तर दिलंय, "लोकशाही आहे, लोकांना नको असेल तर पुढच्या वेळी सरकार बदलतील." हे वाक्य माझे मोठे दीर दरवर्षी दिवाळीच्या फराळाला बसले की ऐकवतात, म्हणून लिहायला बसले.

मी विस्कॉन्सिनमध्ये, मिलवॉकीच्या पश्चिमेला राहते. इथल्या लोकांनी सरकार बदलायचा प्रयत्न केला होता. २०१८ मध्ये राज्याच्या विधानसभेसाठी डेमोक्रॅटिक उमेदवारांना सगळी मिळून सुमारे ५३ टक्के मतं पडली आणि ९९ पैकी जागा मिळाल्या ३६. त्याच दिवशी, त्याच मतदारांनी, टोनी एव्हर्स या डेमोक्रॅटला गव्हर्नर केलं. २०२२ मध्ये एव्हर्स पुन्हा निवडून आले, पहिल्यापेक्षा जास्त फरकाने. विधानसभेत मात्र रिपब्लिकन ६४ झाले आणि सेनेटमध्ये, म्हणजे राज्याच्या वरच्या सभागृहात, ३३ पैकी २२. गव्हर्नरच्या निवडणुकीला अख्खं राज्य एकच मतदारसंघ असतो, तिथे मतदारसंघांच्या रेघा ओढता येत नाहीत. एवढाच फरक.

प्रभाग रचना म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. महापालिकेची निवडणूक आली की कुणाची गल्ली कुणाच्या प्रभागात ढकलली यावरून आपल्याकडे केवढा गदारोळ होतो. विस्कॉन्सिनमध्ये तेच अख्ख्या राज्याच्या विधिमंडळाचं होतं, आणि नकाशा काढतात ते त्याच नकाशावर पुन्हा उभे राहणारे आमदार. आपल्याकडे विधानसभा-लोकसभेसाठी न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली आयोग बसतो, तसं इथे काही नाही. २०११ मध्ये दोन्ही सभागृहं आणि गव्हर्नर रिपब्लिकन होते. राज्याच्या राजधानीत, मॅडिसनला, विधान भवनासमोरच्या एका वकिलांच्या कचेरीत बसून नकाशे काढले. आपल्याच पक्षाच्या आमदारांनासुद्धा स्वतःचा मतदारसंघ बघण्याआधी गुप्ततेच्या करारावर सही करायला लावली. शेबॉयगन हे मिशिगन सरोवराकाठचं कारखान्यांचं शहर. पूर्वी ते एका मतदारसंघात होतं. ते चिरून दोन तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला भोवतालची गावं जोडली. शहराच्या मतांचं वजन गेलं.

२०१२ ला त्या नव्या नकाशावर रिपब्लिकनांना निम्म्यापेक्षा कमी मतं आणि ९९ पैकी ६० जागा मिळाल्या. पुढच्याच वर्षी गर्भपाताआधी सोनोग्राफी सक्तीची करणारा कायदा आला. २०१५ मध्ये वीस आठवड्यांची मर्यादा आली. आणि कायद्याच्या पुस्तकात गर्भपातबंदीचा १८४९ चा कायदा तसाच पडून होता. विस्कॉन्सिन राज्य होऊन तेव्हा एक वर्ष झालं होतं आणि एकाही बाईला मताचा अधिकार नव्हता. १९७३ च्या रो निकालाने गर्भपाताचा हक्क देशभर मान्य केला होता, त्यामुळे तो वापरता येत नव्हता. २४ जून २०२२ ला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने डॉब्स खटल्यात रो रद्द केला आणि राज्यातल्या दवाखान्यांनी गर्भपात थांबवले. डॉक्टरला सहा वर्षांपर्यंत तुरुंग. अपवाद फक्त आईचा जीव वाचवण्यासाठी आवश्यक असेल, किंवा आणखी दोन डॉक्टर तसं म्हणतील तर.

त्या ऑगस्टमध्ये माझ्या लेकीला अठरावा आठवडा होता. पहिलं बाळ. दोघांना मनापासून हवं असलेलं. एके दुपारी तिची पाणमोट फुटली.

इस्पितळाचं नाव मी लिहिणार नाही. सोनोग्राफी केली तर आत पाणी जवळजवळ उरलंच नव्हतं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, आमच्याशेजारी बसून त्यांनी सगळं स्पष्ट सांगितलं. बाळ वाचणार नाही, इतक्या लवकर पाणी गेलं तर फुफ्फुसं तयारच होत नाहीत. आणि पिशवीत जंतुसंसर्ग व्हायचा धोका प्रत्येक तासाला वाढत जातो. मग म्हणाल्या, पण ठोके चालू आहेत, मला आमच्या वकिलांशी बोलावं लागेल. उठून गेल्या. परत आल्या तेव्हा लेकीच्या डोळ्यांत बघत नव्हत्या, जावयाशी बोलत होत्या. घरी न्या, ताप मोजत राहा, ताप चढला किंवा घाण वासाचं पाणी जायला लागलं तर लगेच या.

म्हणजे जीव धोक्यात आला की या.

मी स्वतः नव्वदच्या दशकात सांगलीला यातून गेले आहे. चौथा महिना होता. डॉक्टरांनी तपासलं, सासूबाईंना बाहेर बसायला सांगितलं, क्युरेटिंग केलं आणि संध्याकाळी मी घरी होते. त्यांना कुणा वकिलाला फोन करावा लागला नाही, कारण आपल्याकडे १९७१ पासून कायदा आहे. त्या कायद्याची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री होते. सांगलीच्या एका लहान दवाखान्यात मला जे न मागता मिळालं, ते माझ्या लेकीला जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात, पूर्ण विमा असताना मिळालं नाही. हे मला अजून गिळता येत नाही.

रात्रभर आम्ही थर्मामीटर घेऊन बसलो. ती सारखी विचारत होती, आई, आता किती? तिला भीती ताप वाढण्याची होती, आणि तो वाढल्याशिवाय कुणी हात लावणार नाही हेही तिला माहीत होतं. पहाटे शंभरच्या पुढे गेला. जावयाने त्या इस्पितळाला फोनच केला नाही, सरळ गाडी काढली. इलिनॉयची हद्द आमच्यापासून तासाभरावर. तिथल्या इस्पितळात आत घेतलं, सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू केलं आणि दुपारच्या आत तिला मोकळी केली. नर्सने कागद भरताना पत्ता विचारला, विस्कॉन्सिन म्हटल्यावर तिने पुढे काही विचारलं नाही. तिच्यासाठी हे नवं नसावं.

आठवड्याने भाऊजी भेटायला आले. मायेचे आहेत, लेकीवर त्यांचा जीव आहे, हे आधी सांगते. जाऊबाईंनी मऊ भात आणि मेतकूट पाठवलं होतं. तिचं खाणं होईपर्यंत गप्प बसले आणि मग मला स्वयंपाकघरात म्हणाले, "अगं, कायद्यात अपवाद होता ना. ती डॉक्टर घाबरट निघाली. त्यात राजकारण कशाला आणायचं?"

त्यांना तेव्हा मी काही बोलले नाही. आता बोलते.

भाऊजी, शंभर ताप म्हणजे जीव धोक्यात का? की एकशेतीन? की रक्तदाब पडल्यावर? ज्या काळी सोनोग्राफी नव्हती, अँटिबायोटिक नव्हतं, त्या काळच्या कायद्यात याचं उत्तर असणार कसं? ते उत्तर त्या बाईने रात्री एकटीने द्यायचं, आणि पुढे सरकारी वकिलाला ते पटलं नाही तर सहा वर्षं आत जायचं. अशा वेळी ती वकिलांना फोन करणारच. घाबरट ती नाही. हा कायदा नीट करण्याचं काम आमदारांचं होतं, आणि त्यांना ते करायची गरज वाटली नाही, कारण कुणी हरणारच नव्हतं. ज्याची जागा रेघेने पक्की केली आहे त्याला माझ्या लेकीच्या तापाशी काय देणंघेणं? त्याला भीती एकाच गोष्टीची, पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत आपल्यापेक्षा कडवा कुणी उभा राहण्याची. संबंध विचारलात ना, तो हा.

गव्हर्नर एव्हर्सनी डॉब्सच्या दोन दिवस आधी, २२ जूनला, जुना कायदा रद्द करण्यासाठी खास अधिवेशन बोलावलं होतं. सभागृहं सुरू झाली आणि चर्चा न होता बंद झाली. ४ ऑक्टोबरला त्यांनी पुन्हा बोलावलं, या वेळी मागणी एवढीच की लोकांना स्वतः प्रस्ताव मांडून मतदान घेता यावं अशी तरतूद करा. ते मी थेट बघत होते, लेक शेजारी बसली होती. अर्ध्या मिनिटाच्या आत हातोडा वाजला आणि सगळं संपलं. ओहायोत लोकांना ती सोय आहे, म्हणून तिथे विधिमंडळ विरोधात असूनही नोव्हेंबर २०२३ मध्ये मतदारांनी जवळजवळ ५७ टक्क्यांनी गर्भपाताचा हक्क थेट राज्यघटनेत घातला. विस्कॉन्सिनमध्ये लोकांना स्वतःहून असं काही मतदानाला आणताच येत नाही. सगळं आमदारांच्या दारातून जातं.

आणि सर्वोच्च न्यायालय? २०१९ मध्ये रूचो खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी त्यांनी सांगितलं की पक्षाच्या सोयीने काढलेले नकाशे तपासणं केंद्रीय न्यायालयांचं काम नाही. तीन वर्षांनी डॉब्समध्ये सांगितलं की गर्भपाताचा प्रश्न आम्ही लोकांकडे आणि त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींकडे परत देतो, स्त्रियांकडे मताची ताकद आहेच. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. मला याहून मोठी फसवणूक माहीत नाही.

उरला एकच दरवाजा, राज्याचं सर्वोच्च न्यायालय. इथे न्यायाधीश निवडून येतात, तेही एप्रिलमध्ये, जेव्हा निम्म्या लोकांना निवडणूक आहे हेच ठाऊक नसतं. पण अख्ख्या राज्याची मतं मोजली जातात, रेघ नाही. ४ एप्रिल २०२३ ला उदारमतवादी मानल्या जाणाऱ्या जॅनेट प्रोटासेविच अकरा टक्क्यांच्या फरकाने निवडून आल्या आणि न्यायालयातलं बहुमत त्या बाजूला गेलं. त्या थंडीत मी शेजारणीबरोबर दारोदार फिरले, आणि आपल्या मंडळातल्या घरीही गेले. तिथे जे ऐकलं त्याचा राग अजून आहे. "जज्जाच्या निवडणुकीला कोण जातं?" "आपण इथे कमवायला आलो." वीस-वीस वर्षं नागरिक असलेली, मुली इथे वाढवलेली माणसं. भाऊजी म्हणाले, मी दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला जातो, तेवढं पुरे.

नाही पुरत. डिसेंबर २०२३ मध्ये त्या न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी नकाशे रद्द केले. राज्यघटना म्हणते मतदारसंघ सलग भूभागाचा हवा, आणि निम्म्याहून जास्त मतदारसंघांत सुटी बेटं होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवे नकाशे आले, नोव्हेंबरात विधानसभा ५४ विरुद्ध ४५ झाली, सेनेट १८ विरुद्ध १५. बहुमत अजून रिपब्लिकनांचंच, पण आता हरण्याची भीती आहे. २ जुलै २०२५ ला त्याच न्यायालयाने, पुन्हा चार विरुद्ध तीन, १८४९ ची बंदी नंतरच्या कायद्यांमुळे संपलेली आहे असा निकाल दिला. नकाशे आणि बंदी, दोन्हींचे निकाल दर चार वर्षांनी येणाऱ्या मतावर ठरलेले नाहीत.

आता राहिलेलं. २०१८ च्या ५३ टक्क्यांत काही जागांवर समोर उमेदवारच नव्हता, त्यामुळे तो आकडा थोडा फुगलेला आहे. शिवाय मिलवॉकी-मॅडिसनला एका पक्षाचे मतदार एकवटलेले असतात, म्हणून अगदी प्रामाणिक नकाशावरही त्यांना थोडा तोटा होतो. पण ३६ जागांवर येण्याइतका नाही. भाऊजींचा आवडता मुद्दा म्हणजे इलिनॉयचा नकाशा डेमोक्रॅटांनी तसाच वाकडा काढलाय. खरं आहे, मेरीलँडचाही. ज्या राज्यात माझी लेक वाचली त्याचा नकाशाही मला मान्य नाही. २०२५ मध्ये टेक्सासने मध्येच लोकसभेसारख्या त्यांच्या काँग्रेसच्या जागांसाठी नवा नकाशा काढला, कॅलिफोर्नियाने उत्तरादाखल आपला बदलला, हा खेळ दोघेही खेळतात. आणि प्रत्येक राज्यातली बंदी नकाशामुळेच आली असंही नाही, काही ठिकाणी खरंच तसं बहुमत आहे. भारतातही सगळं आलबेल नाही. २०२३ ला संसदेने स्त्रियांना एक तृतीयांश जागा दिल्या, पण त्या जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेला बांधून.

तुमच्या भाचीबद्दल. येऊ द्या तिला, राहायला राज्य छान आहे. दवाखाने सुरू आहेत, पण २०१५ ची वीस आठवड्यांची मर्यादा, सोनोग्राफीची सक्ती आणि आधीच्या समुपदेशनानंतर चोवीस तास थांबण्याची अट कायम आहे. मुलाचा विचार असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाला आधीच सरळ विचारावं की पाणी लवकर गेलं तर तुम्ही काय करता आणि कुठल्या इस्पितळात करता. उत्तर गुळमुळीत आलं तर डॉक्टर बदलावा. इलिनॉय आणि मिनेसोटा शेजारी आहेत. मी वकील नाही, यायच्या वेळी नियम पुन्हा तपासा.

व्हिसावर असेल तोवर तिला मत देता येणार नाही. पण इथे तिचे कुणी काका-मामा नागरिक असतील तर त्यांना फोन करून विचारा की एप्रिलच्या मतदानाला जाता का. भाऊजी २०२५ च्या एप्रिललाही गेले नाहीत. जाऊबाई माझ्या गाडीतून आल्या.