टेडिंग्टनची प्रयोगशाळा आणि युद्धकाळ : वाचकांचे प्रश्न

लंडनजवळच्या टेडिंग्टन इथल्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीबद्दल, म्हणजे एनपीएलबद्दल, आणि तिच्या दुसऱ्या महायुद्धातल्या कामाबद्दल गेले काही महिने तेच ते प्रश्न येत आहेत. बहुतेकांचे मूळ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका मजकुरात दिसते. म्हणून निवडक प्रश्नांना इथे एकत्र उत्तरे देतो.

प्रश्न : एनपीएल ही लष्कराची प्रयोगशाळा होती का?

नाही. १९०० साली स्थापन झालेली ही संस्था १९१८ पासून ब्रिटिश सरकारच्या मुलकी संशोधन खात्याकडे होती.

प्रश्न : युद्धात ‘मृत्युकिरण’ बनवता बनवता एनपीएलमध्ये अपघाताने रडारचा शोध लागला, हे खरे ना?

यातला जवळजवळ प्रत्येक शब्द चुकीचा आहे, आणि हीच गोष्ट सर्वांत जास्त पुढे पाठवली जाते. पहिले म्हणजे, तेव्हा युद्ध सुरूच झाले नव्हते. साल १९३५. शत्रूचे विमान किंवा वैमानिक रेडिओलहरींनी निकामी करता येईल का, अशी विचारणा हवाई मंत्रालयाने एनपीएलच्या रेडिओ विभागाचे प्रमुख रॉबर्ट वॉटसन-वॉट यांच्याकडे केली. त्यांनी सहकारी आर्नल्ड विल्किन्स यांना एक साधे गणित घातले : पाच किलोमीटरवर असलेले आठ पाइंट (सुमारे साडेचार लिटर) पाणी ९८ अंश फॅरनहाइटवरून १०५ अंशांवर न्यायला किती शक्ती लागेल? आठ पाइंट म्हणजे माणसाच्या अंगातले रक्त, हे विल्किन्सनी लगेच ओळखले. उत्तर इतके प्रचंड आले की मृत्युकिरणांचा विषय तिथेच मिटला. काहीही ‘बनवता बनवता’ झाले नाही, कारण बनवायला कोणी घेतलेच नव्हते.

मग विमान निदान शोधता तरी येईल का, हा पुढचा प्रश्न. जवळून विमान गेले की रेडिओसंदेशात व्यत्यय येतो, असे ब्रिटिश टपाल खात्याच्या अभियंत्यांनी पूर्वी नोंदवले होते. विल्किन्सना ते आठवले. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडमधल्या डॅव्हेंट्रीजवळ बीबीसीच्या प्रक्षेपकाच्या लहरी एका हेफर्ड बॉम्बफेकी विमानावरून परतलेल्या पाहिल्या गेल्या. याला अपघात म्हणणे विल्किन्सच्या हिशेबावर आणि स्मरणशक्तीवर अन्याय आहे. त्याच वर्षी हे काम इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ऑर्फर्डनेसला गेले, पुढे बॉड्सीला. १९३९ मध्ये युद्ध पेटले तेव्हा रडारचे काम एनपीएलच्या हातात उरलेच नव्हते. आणि ‘पहिला शोध’ म्हणायचे तर जर्मनीच्या ह्युल्समायरने १९०४ मध्येच रेडिओलहरींनी जहाजाचा सुगावा लावून दाखवला होता. विद्यार्थ्यांनो, प्रकल्पात हा फॉरवर्ड उतरवू नका. लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जची, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी अभिलेखागाराची, सूची घरबसल्या फुकट पाहता येते. ती पाहा, आणि आपल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना दाखवून मगच लिहा.

प्रश्न : गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंगने एनिग्मा हे जर्मनांचे सांकेतिक यंत्र एनपीएलमध्येच फोडले का?

नाही, ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संकेत फोडण्याच्या केंद्रात. एनपीएलमध्ये ते ऑक्टोबर १९४५ मध्ये, युद्ध संपल्यावर, संगणकाचा आराखडा करायला आले.

प्रश्न : धरणे फोडणारा उसळता बॉम्ब तिथे तयार झाला, असे वाचले.

तयार झाला नाही, त्याची चाचणी झाली. हा बॉम्ब बार्न्स वॉलिस यांच्या कल्पनेतला, ते विकर्स या विमाने बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते. जहाजांच्या प्रतिकृती तपासण्यासाठी एनपीएलमध्ये लांबलचक पाण्याची टाकी होती. तिथे १९४२ च्या उन्हाळ्यात त्यांनी छोटे गोळे उलटी गिरकी देऊन सोडले आणि ते पाण्यावर कसे उड्या मारत जातात हे तपासले. धरणाच्या भिंतीला किती स्फोटके लागतील, हा हिशेब मात्र गार्स्टन आणि हार्मंड्सवर्थच्या दुसऱ्या दोन सरकारी प्रयोगशाळांत आणि वेल्समधल्या एका लहान धरणावर झाला. लोक हे सगळे एनपीएलच्या खात्यावर टाकतात. मे १९४३ मध्ये जर्मनीतल्या धरणांवर या बॉम्बने झालेल्या ब्रिटिश हल्ल्यात १९ विमाने गेली, आठ परतली नाहीत, विमानांतले ५३ जण मेले. धरणांखाली हजाराहून जास्त माणसे बुडाली, त्यांत वेठबिगारीला आणलेले परदेशी मजूर पुष्कळ होते. हा भाग कोणत्याही फॉरवर्डमध्ये नसतो.

प्रश्न : ‘एनपीएलची खूण असलेले, गुप्त युद्धसंशोधनातले’ चकाकणारे विमानी घड्याळ ऑनलाइन मिळते आहे. घ्यावे का?

घेऊ नका. एनपीएलची खूण म्हणजे वस्तू तिथे तपासली गेली, एवढेच. साध्या थर्मामीटरवरसुद्धा ती असते. युद्धकाळात या प्रयोगशाळेचे मोठे काम हेच होते : कारखान्यांची गेज (सुट्या भागांचे माप तपासायची साधने) आणि उपकरणे अचूक आहेत की नाहीत, हे पाहणे. ‘गुप्त’ हा शब्द विक्रेत्याने किंमत वाढवायला चिकटवलेला आहे.

आता महत्त्वाचे. त्या काळच्या अनेक घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियम या किरणोत्सर्गी धातूचा रंग असे. चकाकी गेली म्हणजे धोका गेला, असे विक्रेते सांगतात, ते साफ खोटे आहे. विझतो तो रंगातला चमकणारा पदार्थ. रेडियमचा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षे आहे, ते तिथेच असते. असे काही आधीच घरात असेल तर काच उघडू नका, तबकडी खरवडू नका, मुलांच्या हाती देऊ नका. मोठ्या रुग्णालयातले किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी किंवा मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला विचारा. ‘दिवाळीच्या आवराआवरीत बघू’ म्हणून थांबू नका.

प्रश्न : दिल्लीची एनपीएल ही तिचीच शाखा ना?

नाही. ती आपल्या सीएसआयआरची, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची. पायाभरणी ४ जानेवारी १९४७, पहिले संचालक के. एस. कृष्णन.

प्रश्न : आजोबा युद्धकाळात खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. त्यांच्या वह्यांत गेज तपासणीच्या नोंदी आहेत. लॅमिनेट करून ठेवू का?

कृपा करून करू नका! लॅमिनेशन काढताना कागद फाटतो, शाई उठते. वह्या कोरड्या जागी सपाट ठेवा, सेलोटेप लावू नका, पानांचे फोटो आजच काढा. मग पुराभिलेखागारातल्या कागद-संवर्धकांना प्रत्यक्ष दाखवा. रडारच्या गोष्टी हजार लोक सांगतात. कारखान्यात रोज काय मोजले जाई, हे सांगणाऱ्या वह्या फार थोड्या उरल्या आहेत.