कॅन्सरच्या औषधावर काम करायचंय, मग केमिस्ट्री सोडून बायोटेक घ्यायचं का?

नमस्कार भाऊ,

तुम्ही शहाद्याहून लिहिलंय की मुलगी एसवायबीएस्सी केमिस्ट्रीला आहे, तिला झाडपाल्यातून कॅन्सरचं औषध शोधायचंय आणि मेव्हणे म्हणतात त्यासाठी बायोटेक केलं पाहिजे. अजिबात लाईन बदलू नका. मेव्हणे रुसले तर रुसू देत, पण हे काम मुळात ऑरगॅनिक केमिस्ट्रीवाल्यांचं आहे.

उदाहरण तुमच्याच जिल्ह्यातलं देतो. मनसुख वाणी, 1925 साली नंदुरबारला जन्मले, मुंबई विद्यापीठात केमिस्ट्री शिकले, मग अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासोबत 1966 ला एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरवर चालणारं रसायन वेगळं काढलं (टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषधही याच दोघांचं, 1971). आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही हेच मिळतं, म्हणून तर त्याची एवढी चोरटी तोड होते. पण गंमत अशी की ते पाण्यात विरघळेचना, मग सोडियम सॉल्ट करून पेशंटना दिलं तर त्यात रेणूची लॅक्टोन रिंगच (ज्यावर गुण अवलंबून ती अणूंची कडी) उघडी पडलेली, म्हणजे गुण कमी आणि वर लघवीतून रक्त, झालं, 70च्या दशकात ट्रायल गुंडाळल्या. 1985 ला कळलं की हा रेणू टोपोआयसोमरेज-1 नावाच्या, डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमला पकडतो, मग लोक परत कामाला लागले आणि रिंग तशीच ठेवून दुसऱ्या टोकाला पाण्यात विरघळेल असा ग्रुप जोडला. त्यातून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं आली, अमेरिकेत दोन्हींना 1996 ला मंजुरी. रेणू वेगळा काढल्यापासून 30 वर्षं! आणि कुठला ग्रुप कुठे लावायचा, कुठे हात लावायचा नाही, हे सगळं केमिस्टने ठरवलेलं.

रोजचं काम कसं असतं तेही तिला सांगा. सकाळी रिअ‍ॅक्शन लावायची, दर तासाला टीएलसी (ती किती पुढे गेली ते दाखवणारी पट्टी) बघायची, संध्याकाळी कॉलम (बनलेला माल वेगळा करायची नळी), आणि एनएमआर (रेणूची रचना दाखवणारी चाचणी) आला की कळतं भलतंच काहीतरी बनलंय. सॉल्व्हंटचा वास, तासन्‌तास उभं राहणं. बहुतेक रेणू औषध होतच नाहीत. हे ऐकूनही ती हो म्हणाली तर पुढे जा.

रस्ता म्हणाल तर बीएस्सीनंतर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी, मग सीएसआयआर नेट ही परीक्षा. त्यातून जेआरएफ (रिसर्चची फेलोशिप) मिळाली की महिना 37,000 आणि वर एचआरए (घरभाडे भत्ता), त्यामुळे पीएचडीचा बोजा तुमच्यावर येत नाही. पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) बघा. पीएचडी नको असेल तर चांगल्या एमएस्सीवर हैदराबाद, बंगलोर, पुण्याच्या रिसर्च कंपन्यांत सिंथेसिसची (रेणू बनवायची) नोकरी मिळते, फक्त प्रॅक्टिकल कागदावरच उरकणाऱ्या कॉलेजात एमएस्सी करू नका, इंटरव्ह्यूत पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं.

सध्या तिला जॅमचे जुने पेपर काढून द्या आणि ऑरगॅनिक मेकॅनिझम (रेणू पायरीपायरीने कसे बदलतात ते) पाठ न करता हाताने काढून बघायला सांगा. मार्क किती पडतात ते कळवा, मग पुढचं बोलू.